रविवार दुपारची यादी

ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर गुरुवारी सकाळी आम्ही बायका चर्चच्या तळघरात पिरोगी करायला जमतो. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून अर्धं ड्रेव्हरटन गाव त्या संध्याकाळी आमच्याकडेच जेवायला येतं. मैद्याची चकती दुमडून आत सारण बटाट्याचं आणि चीजचं, वर लोण्यात परतलेला कांदा. कडेची मुरड मात्र प्रत्येकीची निराळी, आणि ती मुद्दाम निराळी ठेवलेली. उकळत्या पाण्यात पिरोगी फुटली की मुरडीवरून ती कुणाची हे कळतं, आणि जिची फुटली तिने मोठं पातेलं घासायचं. हा नियम माझ्या आईच्या वेळचा. सत्तावीस वर्षांत ते पातेलं माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

त्या गुरुवारी खासदार कॉरिन हावरिला आमच्याबरोबर पिरोगी करायला येणार होती.

"कॅमेरा आणेल बघ," बर्निस म्हणाली. "हात पिठात, तोंड कॅमेऱ्याकडे."

"पीठ तरी ओळखेल का?" फिलोमिना म्हणाली. "वॉशिंग्टनला पिरोगी गोठवलेलीच मिळते."

"तिला गोठवलेलंच आवडत असेल. नवरा गरम निघाला म्हणे, म्हणून सोडला."

मी हसले नाही. मी आदल्या दिवशीचं उरलेलं पीठ फ्रिजमधून काढलं आणि टेबलाच्या टोकाला, तिच्यासाठी ठेवलेल्या जागेवर मांडलं. शिळ्या पिठाची कड सुकते, मग मुरड धरत नाही. उपवासकाळात असं वागू नये हे मला कळत होतं. तरी ठेवलं.

कारण सांगते. टेकडीवर सेंट झिटा होम आहे. चौतीस म्हातारी माणसं, आणि त्यांना सांभाळणाऱ्या चार धर्मभगिनी, नर्स असलेल्या सिस्टर. माझी थोरली बहीण रेजिना तिथे अकरा वर्षं आहे. पक्षाघातानंतर तिची वाचा गेली आणि उजवा हात गेला. तिला तिथे सोडलं त्या दिवशी मी देवापुढे कबूल केलं होतं, की रोज दुपारचा घास मी भरवीन. अकरा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. बर्फात गेले, ताप असताना गेले. मला गाडी चालवता येत नाही. घरापासून टेकडीपर्यंत चालत पंचवीस मिनिटं लागतात.

आणि कॉरिनने वॉशिंग्टनमध्ये कायदा मांडला होता. प्रत्येक शुश्रूषागृहात चोवीस तास नर्स हवी, आणि नर्सचे तास मोजायचे ते फक्त पगारपत्रकावरून. आमच्या सिस्टर पगार घेत नाहीत. त्यांनी तसं व्रत घेतलेलं आहे. म्हणजे पहाटे पाचपासून राबणाऱ्या चौघींचे तास कायद्याच्या हिशेबी शून्य. बिशपच्या वकिलाचं पत्र नोटीसफलकावर लागलं होतं, की कायदा झाला तर होम बंद करावं लागेल आणि माणसं जिल्ह्याच्या मोठ्या केंद्रात हलवावी लागतील. ते केंद्र त्रेचाळीस मैलांवर आहे.

तिचं पत्रक माझ्या एप्रनच्या खिशात होतं. गुळगुळीत कागद, आत तिचा हसरा फोटो. कोकभट्टीवरच्या कामगाराची मुलगी. खरं आहे, तिचा बाप छातीत काजळी भरून बावन्नाव्या वर्षी गेला. आई धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. तेही खरं. स्वतः नर्स, मग नर्सेसच्या संघटनेची पुढारी, मग खासदार, आता दुसऱ्यांदा. खाली तिची कामं छापली होती: शाळेत सगळ्या मुलांना फुकट जेवण, नदीची सफाई, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना योग्य मोबदला. वाचायला सगळं गोड. फक्त आमच्या शाळेचं नाव कुठे नव्हतं. सिस्टरांनी तिला आठ वर्षं एक पैसा न घेता शिकवली, ते नव्हतं. त्या शाळेच्या कचेरीत मीच कारकून होते. तिचा दाखला मीच टाइप केला होता.

नऊला ती आली. कॅमेरा नव्हता. बरोबर एक पिकल्या केसांचा गृहस्थ, ओकेन नावाचा, तिच्या कचेरीतला. तो दाराशी खुर्चीवर बसला. कॉरिन आता चव्वेचाळीसची. केस आखूड, कोट साधा. तिने कोट खुंटीला लावला आणि बाह्या कोपराच्या वर सारल्या.

"गुड मॉर्निंग, मिस व्रॅबेल," ती मला म्हणाली. शाळेतली मुलं म्हणायची तसंच.

"इथला नियम आठवतो ना, खासदारबाई?" बर्निस म्हणाली. "आधी एक ट्रे भरायचा, मग तोंड उघडायचं."

"आठवतो. आणि मी कॉरिनच आहे, बर्निसमावशी. तुमच्या अंगणातल्या चेरी चोरल्या तेव्हा तुम्ही मला खासदार म्हणाला नव्हतात."

"काय म्हणाले होते ते या तळघरात सांगता येत नाही," बर्निस म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या. मला ते आवडलं नाही.

कॉरिनने आपल्या समोरच्या पिठाची पहिली चकती लाटली, बोटाने कड दाबून पाहिली आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिने वाटीत पाणी घेतलं आणि प्रत्येक चकतीची कड ओल्या बोटाने फिरवून घेतली. मुरड तिच्या आजीची, दोन आड एक चिमटा. चाळीस पिरोगी भरल्या. तोवर कुणी बोललं नाही. मग ट्रे पुढे सरकवून ती म्हणाली, "आता बोला."

मी तयारी करूनच आले होते. "चाळीसपेक्षा कमी खाटा असतील तर कायदा लागू नाही, असं एक वाक्य घाल."

"नाही."

"बरं, मग धर्मसेविकांचे तास धर. पगार असो वा नसो."

"नाही, मिस व्रॅबेल."

"का नाही?"

"कारण फुकट राबणाऱ्याचे तास कुणीच नीट मोजत नाही. मालक लोक कागदावर स्वयंसेवक दाखवतात आणि वॉर्डात कुणी नसतं. असली बावीस घरं मी पाहिलीत."

"सिस्टर एमेरेंशिया मालक लोक नव्हे." माझा आवाज चढत नाही, त्या दिवशीही चढला नाही. "त्यांनी गरिबीचं व्रत घेतलंय. तू त्यांना पगार घ्यायला लावणार, नाहीतर हाकलून देणार. तुझ्या बापाचं अंग शेवटचे तीन महिने कुणी पुसलं, आठवतं का तुला?"

"आठवतं," ती म्हणाली. "त्यांचं व्रत त्यांनी घेतलं. माझं कुणी घेतलं?"

"म्हणजे काय?" फिलोमिनाने विचारलं.

कॉरिन फिलोमिनाशी बोलली, पण बघत माझ्याकडे होती. "शाळेची फी माफ होती ना, त्याबद्दल आम्ही मुली शनिवार-रविवार होममध्ये जायचो. बेडपॅन, आंघोळी, भरवणं. कुणी कधी जायचं त्याची यादी धुलाईखान्याच्या दारामागे लागायची. सुबक अक्षर, आखलेले रकाने. एका पाळीला दोन मुली. त्या रविवारी माझ्याबरोबर रोझॅन टोमको होती. तिचं नाव पेन्सिलने खोडलं होतं, आणि त्या जागी कुणाचंच नव्हतं. सिस्टर सगळ्या चर्चमध्ये. चौतीस माणसं, दोन मजले आणि मी. वय सोळा."

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. बर्निसने उगाच झाकण काढलं आणि परत ठेवलं.

"वरच्या मजल्यावर कुणीतरी रडत होतं, म्हणून वर गेले," कॉरिन म्हणाली. "मिस्टर श्टेफ्को धुलाईखान्याच्या जिन्याखाली सापडले. मी खाली आले तेव्हा जिवंत होते. मी हाक मारत राहिले. कोण येणार होतं?"

"ते हृदयाने गेले," मी म्हणाले. आम्हाला तसंच सांगितलं होतं.

"हो. आणि सिस्टर एमेरेंशियांनी मला चॉकलेट दिलं आणि सांगितलं, ही गोष्ट देवाजवळ ठेव. मी अठ्ठावीस वर्षं ठेवली."

रोझॅनच्या आईचा फोन मलाच आला होता. पोरीला ताप होता. त्या रविवारी चर्चमध्ये चाळीस तासांची आराधना होती आणि माझी पाळी दोनची होती. मी नाव खोडलं, आणि सिस्टर असतीलच म्हणून कोट घालून निघाले. पापकबुलीत मी हे कधी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, ते पाप आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"अठ्ठावीस वर्षं झाली त्याला," मी म्हणाले. "आता मुली येत नाहीत. त्या चौघी आहेत आणि पगारी मदतनीस आहेत. जुन्या रागापायी तू माझ्या बहिणीला घराबाहेर काढतेस."

"बरं," ती म्हणाली. ओकेनकडे हात केला. त्याने बॅगेतून कोरा कागद दिला. तिने तो माझ्यासमोर पिठातच ठेवला. "पुढच्या बुधवारी समिती बसते. सिस्टरांचे तास धरायचं वाक्य तेव्हा घालता येतं. मला एका आठवड्याची यादी द्या. कुठल्या तासाला कोणती सिस्टर उभी आहे. झोपलेली नाही, प्रार्थनेत नाही, उभी. वकिलाची नको, तुमच्या हातची द्या. सगळे रकाने भरलेले असले तर ते वाक्य मी स्वतः वाचून दाखवीन."

"माझ्यावर विश्वास आहे?" मी विचारलं.

"माया नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही खोटं लिहीत नाही. त्या दिवशीही लिहिलं नव्हतंत. नुसतं खोडलंत."

तेवढ्यात बर्निसने झारा वर काढला. पिरोगी फुटल्या होत्या, तीन. बोलता बोलता भरलेल्या. मुरड वेणीची, माझ्या आईची, माझी. शिळ्या पिठाच्या चाळीसही अखंड वर आल्या होत्या. बर्निस त्या तीन पटकन उचलून कचऱ्यात टाकायला निघाली.

"ठेव तिथे," मी म्हणाले. "पातेलं मी घासते."

घड्याळात साडेअकराला पाच कमी होते. पातेल्याला पाऊण तास लागतो. कॉरिननेही घड्याळ पाहिलं.

"तुम्ही जा. रेजिना वाट बघत असेल," ती म्हणाली. "मी घासते."

तिने घासणी उचललीसुद्धा. त्या सकाळी ती जे जे बोलली त्यात मला हे सर्वात जास्त लागलं. मी कागदाची घडी घातली आणि निघाले.

रेजिनाला त्या दिवशी गाजराचं आणि कोंबडीचं वाटण होतं. मी तिच्या डाव्या बाजूला बसते, म्हणजे घास तिकडून जातो. चार घास झाल्यावर सिस्टर एमेरेंशिया आल्या. एकोणऐंशी वर्षांच्या आहेत, काठी घेतात, पण टोपीला एक सुरकुती नसते. मी कागद मांडीवर ठेवला आणि विचारत गेले. सोमवार, मंगळवार. सिस्टर बोनिफाशिया सकाळी उभ्या असतात. त्या पासष्टच्या, चौघींत धाकट्या. बाकीच्या दोघींपैकी एकीला दिसत नाही, दुसरी स्वतःच चाकाच्या खुर्चीत असते. हे मला रोज दिसत होतं. दिसत होतं आणि मी रेजिनाच्या चमच्याकडे बघत होते.

"आणि रविवारी दुपारी, सिस्टर? दोन ते आठ?"

"देव असतो," त्या हसून म्हणाल्या.

"देवाचं नाव लिहिता येत नाही."

"मग माझं लिही."

"रविवारी दुपारी तुम्ही झोपता."

"झोपेत मला सगळं ऐकू येतं, ऑटिलिया. पन्नास वर्षांची सवय आहे. उशी पडली तरी जाग येते."

त्या हे सांगत असतानाच सहा नंबरच्या खोलीची घंटा वाजली. कर्कश घंटा आहे, खाली रस्त्यावर ऐकू जाते. सिस्टर एमेरेंशिया माझ्याकडे बघून बोलतच राहिल्या. पूर्वी एका हिवाळ्यात वीज गेली तेव्हा त्यांनी एकट्याने बावीस माणसं कशी खाली आणली, ते सांगत होत्या. घंटा वाजत होती. मी चमचा ठेवला आणि उठले. सहा नंबरमध्ये मिसेस हुदाकना पाणी हवं होतं. पेला हाताच्या अंतरावर होता, पण हात पोचत नव्हता.

परत आले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "कुठे गेलीस? वाटण गार झालं."

"घंटा वाजली होती."

त्या काठीची मूठ दोन्ही हातांत धरून बसल्या. "तू लिही माझं नाव," त्या हळू म्हणाल्या. "रेजिनाकडे बघ आणि लिही."

मी रेजिनाकडे बघितलं. तिने तोंड उघडलं होतं, पुढच्या घासासाठी.

त्या संध्याकाळी जपमाळ झाल्यावर स्वयंपाकघरात बसून मी पट्टीने रकाने आखले. सात वार, चार पाळ्या. जे खरं होतं ते भरलं. बरेच रकाने बोनिफाशियांच्या एकटीच्या नावाने भरले. इतके, की ती बाई झोपते कधी हा प्रश्न कुणालाही पडावा. रविवार दुपार कोरी राहिली. मी पेन्सिल तिथे टेकवली आणि उचलली. अशी तीनदा. मग तो रकाना तसाच ठेवून खाली, सहीच्या वर, एक ओळ लिहिली.

शुक्रवारी सकाळी तिच्या कचेरीत गेले. मेन स्ट्रीटवर पूर्वी चपलांचं दुकान होतं, तिथे. ती उभ्यानेच वाचायला लागली.

"रविवार रिकामा आहे," ती म्हणाली.

"हो."

"मग ते वाक्य घालता येणार नाही."

"ठाऊक आहे मला. वाचता येतं."

मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. ओळ अशी होती: रविवार, पंचवीस फेब्रुवारी १९९६, दुपारी दोन ते आठ. एकटी कॉरिन हावरिला, वय सोळा. यादी माझी.

तिने बोट टेकवून ती ओळ पुन्हा वाचली. ओकेन पाण्याचा पेला घेऊन आला आणि तसाच मागे फिरला.

"हे मी मागितलं नव्हतं," ती म्हणाली.

"तुला दिलेलं नाही. यादी पुरी करायची सवय आहे मला."

"मिस व्रॅबेल, मी हे समितीपुढे वाचलं तर—"

"वाच. तेवढ्यासाठीच तर तुला कागद हवा होता. पत्रकातही छाप, फोटोखाली. पण माझ्याशी आता गोड बोलू नकोस, ते मला जमायचं नाही."

"मलाही नाही जमणार," ती म्हणाली. "होम बंद झालं तर तुमच्या बहिणीकडे जायला मी गाडीची सोय करू शकते. रोज. कचेरीतून."

"पातेलं घासलंस तेवढं पुरे."

तिने समितीपुढे ती ओळ वाचली, असं नंतर पेपरात आलं. माझं नाव घेतलं नाही, श्टेफ्कोंचं घेतलं. बर्निस म्हणाली, बघ, शेवटी वापरलंच तिने. चर्चमध्ये माझ्यापासून दोन बाकं सोडून बसायला लागल्या काही जणी. फिलोमिना आधी माझ्या शेजारी बसायची, ती आता खांबाआड बसते.

कायदा वॉशिंग्टनमध्ये अजून अडकलेलाच आहे. पण होमला त्याची वाट बघावी लागली नाही. यादीची एक प्रत मी सिस्टर एमेरेंशियांना दिली होती. त्यांच्या घराचे तास, त्यांना माहीत असायला हवेत म्हणून. त्यांनी ती आपल्या मठाच्या मुख्यालयात पाठवली. तिथल्या मदर सुपीरियर दोन तरुण सिस्टर घेऊन आल्या, रविवारची दुपारभर बसल्या, आणि ऑगस्टात होम बंद केलं. चौघींना मठाच्या आजारखोलीत नेलं. निघताना सिस्टर एमेरेंशियांनी सगळ्यांच्या कपाळावर क्रूस काढला. माझ्या कपाळावरही काढला, पण बघितलं नाही.

नोव्हेंबरात मतदान झालं. मी तिला मत दिलं नाही. ती निवडून आली.

मेन स्ट्रीटवरून सकाळी सात पन्नासची बस असते. नदीपलीकडे बदलावी लागते, आणि तिथे थांब्याला छप्पर नाही. दुसरी बस जिल्ह्याच्या केंद्राच्या फाटकाशी अकरा वीसला सोडते. रेजिना तिसऱ्या मजल्यावर आहे. मजल्यावर दोन नर्स असतात. त्यांची नावं दारापाशी फळ्यावर लिहिलेली असतात, रविवारचीही. मी पहिल्याच दिवशी पाहिलं. जेवण साडेअकराला येतं. दहा मिनिटं हातात राहतात, तेवढ्यात कोट काढून हात धुऊन होतात.